तेंपोकोचा माळ

तेंपोको बाजाराला निघाली की तिच्या डोक्यावर एकीत एक ठेवलेल्या दोन टोपल्या असतात. वरच्या टोपलीत विकायची चवळी नाहीतर भेंडी, आणि खालची रिकामी. ती रिकामी टोपली परतताना शेणाने भरते. गुरांच्या बाजारात बैल कुठे उभे होते, शेळ्या कुठल्या झाडाला बांधल्या होत्या, हे तिला बरोबर ठाऊक असतं. बायकांशी गप्पा मारता मारताच ती पायाने लेंड्या एका जागी ओढत असते. तिच्याशी बोलणाऱ्याला हे कळतही नाही.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान त्याच वाटेवर, कडुनिंबाखाली. वाहिगुया शहराकडे जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी माझ्याकडून पंक्चर काढून घेतो. मी पारे, जातीचा सामो. गाव मोसींचं. आणि मोसी-सामोंचं नातं पणजोबांच्याही आधीपासून थट्टेचं. आम्ही त्यांना आमचे गुलाम म्हणायचं, त्यांनी आम्हाला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं कुणीच नाही. जो रागावला त्याची लाज गेली. त्यामुळे इतकी वर्षं या गावात मी वाट्टेल त्याला वाट्टेल ते बोलतो आणि सुखाने जेवतो.

"काय रे पारे, दुकानामागे शेळी कुणाची बांधलेय?" तेंपोको विचारते.

"तुला कशाला पंचाईत?"

"शेळी ठेव तुला. तिच्या मागचं मला दे."

"गुलामाने मालकाकडे असं मागू नये."

"मालकाने आधी स्वतःची चड्डी शिवावी. चाक काढायला वाकलास की अख्खा बाजार हसतो."

आणि मग ती हसते. तेंपोकोचं हसणं मशिदीपर्यंत ऐकू जातं. नम्रपणा वगैरे तिच्या गावी नाही. आपल्या खताची बढाई ती अशी मारते की दुसऱ्या बाया सोन्याची मारणार नाहीत.

ती सून होऊन आली त्याच साली मीही या गावात आलो. इथे सुनेला तिच्या स्वतःच्या पिकासाठी जमिनीचा एक तुकडा देतात. देतो तो घरातला थोरला, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, हमादोचा, मोठा भाऊ नोआगा. नोआगा वयाने आणि मानाने मोठा, पण सामोने त्याला 'अहो' म्हणायची गरज नाही. घरातल्या बायांना चांगल्या जमिनी वाटून संपल्या होत्या, म्हणून त्याने तेंपोकोला गावाबाहेरचा पांढरा माळ दिला. वर हसून म्हणाला, "धाकटीला सगळ्यात मोठं शेत दिलंय." खोटं नव्हतं ते. माळ मोठाच होता. तिथे लोळायला गाढवसुद्धा जात नसे. पाऊस पडला की पाणी अंगणातून वाहावं तसं वरच्यावर वाहून जाई आणि कुदळ मारली की ठणकन वाजे.

तेंपोकोच्या माहेरी अशा जमिनीत खड्डे खणायची रीत होती. त्याला झाई म्हणतात. कडक उन्हाळ्यात, बाकीचं गाव सावलीत पडून असताना, ती रोज पहाटे माळावर जाई आणि वीतभर खोल, हातभर रुंद खड्डे खणत बसे. प्रत्येकात दोन ओंजळी शेणखत, त्यावर थोडी माती. हमादो स्वभावाने गरीब, पण कामाला वाघ. गाढवाच्या गाडीतून दगड आणून तो उताराला आडवे बुटके बांध घालायचा, पाणी अडावं म्हणून.

नोआगा बघायला आला. "हमादो, तुझी बायको कबरी खणतेय की काय? एवढी माणसं नाहीत रे गावात मरायला."

मग खताच्या वासाने खड्ड्यांत वाळवी आली. नोआगाला धाकट्या भावाची दया आली आणि त्याने बाजारातून वाळवी मारायची पावडर आणली. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याच्या लेखी चांगलं शेत म्हणजे झाडलोट केलेलं अंगण. कापलेल्या ज्वारीची ताटं जाळलेली, रोपटी उपटलेली, किडा-मुंगी मेलेली. पण तेंपोकोला ती वाळवीच हवी होती. वाळवी खत खायला येते आणि खालची टणक जमीन पोखरून ठेवते, पाणी मुरायला वाट होते. आता थोरल्या दिराशी सुनेने तोंड वर करून बोलायचं नसतं. म्हणून ती गाढवाकडे वळली.

"गाढवा," ती म्हणाली, "ज्याला माझी वाळवी मारायची असेल, त्याला सांग, आधी मला पावडर मार."

नोआगाही मग गाढवाकडेच बघून म्हणाला, "हिला सांग, उपाशी मेलीस तर माझ्या दारी येऊ नकोस." आणि पावडर घेऊन परत गेला.

ती उपाशी मेली नाही. पहिल्या वर्षी खड्ड्याखड्ड्यांत ज्वारी उभी राहिली, गुडघ्याएवढी का होईना. लेंड्यांतून आलेल्या बियांची झाडं उगवली, ती तिने उपटली नाहीत. कणसं कापून ताटं तशीच जमिनीवर आडवी टाकली. बायका म्हणायच्या, घर एवढं लख्ख आणि शेत एवढं घाणेरडं कसं गं हिचं. दरवर्षी ती आणखी खड्डे खणत गेली. ज्वारीत चवळी आली, झाडांना सावली आली, सावलीत तितर आले. मग ती दुकानात येऊन मला ऐकवू लागली, "माझं कणीस तोडायला शिडी लागते रे. तू बुटका, तू येऊच नकोस." शेजारच्या विहिरीचं पाणी वर चढलं तेव्हा तर तिला आवरणं कठीण झालं.

सगळं छान चाललं होतं, म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांवर येणारच. नोआगाचा मुलगा सायुबा आयव्हरी कोस्टातल्या कोकोच्या बागांमधून घरी परतला. त्याला लग्न करायचं होतं, शेत हवं होतं. नोआगाचं रस्त्याकडचं शेत नांगरून आणि जाळून पार निकामी झालेलं. तेव्हा नोआगाने निकाल दिला. माळ सायुबाला. जमीन घराण्याची असते, कुणा एकीची नाही. तेंपोकोला पलीकडचा दुसरा पांढरा तुकडा देऊ, तिला जमतंय, ती तोही उठवेल. सायुबा माळ नांगरून सपाट करेल, झाडं काढेल, सरळ ओळीत मका लावेल.

रीतीला धरून होतं सगळं. हमादो थोरल्या भावापुढे मान खाली घालून उभा राहिला, तसा तो जन्मभर उभा राहत आला होता. आणि तेंपोको गप्प झाली. ती माझ्या दुकानात आली आणि पेटीवर बसली. ती गप्प बसली की काहीतरी भयंकर घडल्यासारखं वाटतं.

"मी पुन्हा खणेन रे," शेवटी म्हणाली. "हात आहेत मला. पण तो माळ आता नांगराचा नाही. नांगर त्याला एका दिवसात मारेल. आणि मला बोलता येत नाही."

मला असा संताप आला की हातातला पाना मी भिंतीवर फेकला. आमच्या सासर-माहेरच्या रीती चांगल्या असतील, पण जिने माळाचं शेत केलं तिलाच तोंड नसावं, ही कुठली तऱ्हा? मग माझ्या लक्षात आलं, तिला तोंड नाही, हमादोला नाही, पण मला आहे. मी सामो आहे.

दोन पाऊस झाले आणि सायुबा गाढव जुंपून नांगर घेऊन माळाकडे निघाला. मी गिऱ्हाइकाचं चाक तसंच टाकून मागे धावलो. नोआगा दगडी बांधावर बसला होता, हमादो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा, तेंपोको टोपली कवटाळून एका झाडापाशी. बघे जमलेच होते.

आमच्यात एक रीत आहे. मोसी म्हातारा मेला की त्याच्यासाठी खणलेल्या कबरीत सामो जाऊन आडवा होतो आणि काहीतरी पदरात पडल्याशिवाय उठत नाही. रडणाऱ्यांना हसू यावं म्हणून. मी गाढवाच्या पुढ्यात जाऊन तसाच आडवा झालो. एका खड्ड्यात डोकं, दुसऱ्यात बूड.

"नोआगा, मेलो मी. मला माझ्या शेतात पूर."

"तुझं शेत कधीपासून रे?"

"गुलामाचं ते मालकाचं."

लोक हसायला लागले. नोआगानेही ओठ चावला. "ऊठ कुत्रेखाऊ. कोंबडा देतो."

"नको. तुझ्या घरातली माणसं आधीच उपाशी आहेत."

"बोकड देतो."

"बोकडही नको."

"मग काय हवंय?"

"तेंपोकोच्या हातात कुदळ आहे तोवर या माळावर नांगर नको. माळ तिचा. एवढं दे, लगेच उठतो."

हसणं थांबलं. सामोला कोंबडा देतात, बोकड देतात, पण जमीन आजवर कुणी मागितली नव्हती. गाढव माझ्या कानाजवळ फुसफुसत होतं.

"थट्टेत जमीन मागत नसतात, पारे," नोआगा हळू म्हणाला.

"थट्टेत जमीन काढूनही घेत नसतात. आणि तू जे चालवलंयस त्याला दुसरं काय म्हणू मी?"

मला वाटलं, संपलं. रीत मोडली मी, आता या गावात माझं तोंड कुणी बघणार नाही. तेवढ्यात तेंपोको झाडापासून निघाली. माझ्यापाशी आली, टोपलीतून दोन ओंजळी शेणखत काढलं आणि थेट माझ्या छातीवर घातलं. वरून माती लोटली, हाताने थापटली. मग गाढवाकडे वळली.

"गाढवा, थोरल्यांना सांग, या खड्ड्यात सामो पेरलाय. नांगर घातला तर त्याचे दोन होतील. एकाला पोसताना गाव टेकीला आलंय, दोन कोण पोसणार?"

नोआगाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून फुटलं. मग तो असा हसला की टोपी बांधावरून खाली घरंगळली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळेच हसले. सायुबासुद्धा. बऱ्याच वेळाने नोआगाने डोळे पुसले, माळावर लांबवर नजर फिरवली, झाडं पाहिली.

"सायुबा, गाढव सोड," तो म्हणाला. "रस्त्याकडच्या आपल्या शेतात खड्डे खण. कसे खणायचे ते काकीला विचार." मग लोकांकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "सगळ्यांनी ऐकून ठेवा. तेंपोको आहे तोवर हा माळ तिचा. हा सामो साक्षीला आहे, शेणात लोळतोय तो."

तेंपोको मटकन बांधावर बसली आणि जशी हसते तशीच मोठ्याने रडली. हमादो तिच्या शेजारी जाऊन बसला. मी शेणातूनच ओरडलो, "रड, रड, खड्ड्यांना पाणी होईल." तिने मातीचं ढेकूळ उचलून मला मारलं.

कापणीच्या दिवसांत मी माळावर गेलो होतो, फुकटची भाजलेली कणसं खायला. तेंपोको पेंढ्या बांधत होती. बांधापाशी नोआगा काठी टेकत आला आणि तिथेच थांबला. या गावात कुठल्याही शेतात, कुठल्याही अंगणात शिरताना त्याने कधी कुणाला विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

"तेंपोको," तो म्हणाला, "आत येऊ का?"

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"या," ती म्हणाली. "पण खड्डे सांभाळून."

नोआगाने झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि एकेक पाऊल बघून टाकत तो आत आला.