मी ‘घे’ म्हणालो

म्हशाची जत्रा उठली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मुरबाड तालुक्यातलं आमचं गाव, पौषातलं कोवळं ऊन... आणि अंगणात तारी उभी, चादर गुंडाळून, कुडकुडत. दोन हजारनंतरचं एखादं वर्ष असेल, नेमकं आता आठवत नाही.

तारी माझी विद्यार्थिनी. गावाबाहेरच्या वाडीतली. चौथीत ती कविता म्हणायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. मी हातात खडू धरून खिडकीबाहेर सिद्धगडाकडे बघत राहायचो... तास संपल्याचं कळायचंही नाही.

त्या सकाळी तिने ‘गुर्जी’ म्हणून हाक मारली आणि मी ओळखलंच नाही. घशात ओलं गोणपाट कोंबल्यासारखा आवाज. चेहरा सुजलेला, केस विरळ. तिशीचीही नव्हती हो ती...

माझ्या बायकोने, सुधाने, मात्र एका नजरेत ओळखलं. चार वर्षांपूर्वी तिचंही हेच झालं होतं. शहापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड कमी असल्याचं सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी दिली, आणि सहा महिन्यांत सुधा पुन्हा माणसात आली.

“तारे, हे माझंच दुखणं आहे गो. शहापूरला जाऊन रक्त तपासून घे.”

“कसा जमल काकू? उद्या भट्टीवर हजर व्हायचाय. रगत द्यायला एक खाडा, कागद आणायला दुसरा... मुकादम काय माजा मामा हाय?” तारी हसली. ती आणि नवरा धर्मा, दोघंही आटगावच्या बाजूला वीटभट्टीवर होते. फक्त जत्रेपुरते आले होते.

आमच्याकडे विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी रिकाम्या हाताने पाठवत नाही. औषधाचंही तसंच. एकीला गुण आला की तीच गोळी शेजारणीला, तिथून पुढच्या घरी... सुधाने आतून गोळ्यांची भरलेली बाटली आणली. पण देता देता तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं.

तारीनेही बघितलं. “गुर्जी, तुमी सांगा. घेव का नको?”

गावाची पत्रं मी वाचायचो, खताच्या गोणीवरचं मी वाचायचो, गोळीच्या पाकिटावरचं इंग्रजीही मीच. इंग्रजी वाचता येणं म्हणजे डॉक्टरकी नव्हे, हे वाडीला कुणी सांगितलं नव्हतं... आणि मीही कधी सांगितलं नाही. खरं तर तो मान मला आवडायचा.

सुधाला गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तिच्या हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली होती. सुरुवातीला अर्धीच गोळी दिली होती. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो... हे सगळं मला त्या क्षणी आठवलंही होतं.

पण मनात दुसरंच चाललं होतं. या गोळीने सुधाचा आवाज मोकळा झाला होता, मग तारीचाही होईल... पुन्हा एकदा ती कविता ऐकायला मिळेल. बस, एवढंच.

मी ‘घे’ म्हणालो.

होळीला तारी घरी आली तेव्हा आवाज खरंच उघडला होता. अंगणात उभं राहून तिने मला एक कडवं म्हणून दाखवलं. माझे डोळे भरून आले... जाताना म्हणाली, “गुर्जी, छातीत कबूतर फडफडल्यासारा व्हतंय.” मी म्हणालो, “कमजोरी असेल. दूध पीत जा.”

चैत्रात धर्माचा निरोप आला. तारी भट्टीवर विटा उचलताना कोसळली होती. सुधाने घरातली गोळ्यांची दुसरी बाटली माझ्या खिशात घातली.

शहापूरच्या दवाखान्यात तारी पडलेली. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं. डॉक्टर विचारत होते, “हिला कसल्या गोळ्या चालू होत्या?”

“कसल्याच नाय सायब,” धर्मा म्हणाला. मी दारात उभा होतो, पण त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो मला वाचवत होता...

मी बाटली काढून टेबलावर ठेवली. “मी सांगितल्या घ्यायला.”

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. तारीच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब होती, कुणाला माहीतच नव्हतं. त्यात पूर्ण गोळी... ठोके बेभान झाले, रक्ताची गुठळी झाली, ती मेंदूत गेली. “थायरॉईड असेलही हिला. पण आधी तपासायला हवं होतं ना, गुरुजी?”

तारी वाचली. वाचा गेली.

पुढे मी रोज दुपारी वाडीत जायचो, तिच्या खाटेपाशी बसायचो. एकदा, काय सुचलं कोण जाणे, मी ती चौथीतली कविता म्हणू लागलो... ओळ अर्धी राहिली, आणि उरलेली अर्धी तारीने म्हटली. वाकड्या तोंडाने, पण स्पष्ट. मग सबंध कडवं.

माझ्या अंगावर काटा आला. लगेच तिने माठाकडे बोट केलं. ओठ हलले, घशातून नुसता आवाज आला... ‘पाणी’ हा शब्द काही तिला सापडेना. मला हवी होती ती कविता तेवढी राहिली होती, तिला लागणारं सगळं गेलं होतं. धर्माने उठून तिला पाणी पाजलं. मग मलाही तांब्या दिला.

तीन पावसाळे काढून तारी गेली. धर्माने मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. त्याचे उपकार मानू की ते ओझं म्हणू, या वयातही कळत नाही...

अजूनही कुणी गोळ्यांचं पाकीट घेऊन अंगणात येतं, “गुर्जी, जरा वाचा ना” म्हणतं. मी चष्मा शोधत नाही. चपला घालतो, आणि त्यांच्याबरोबर शहापूरच्या गाडीत बसतो.