रुमालाने धरलेली जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आणि आई तर आता राहिलीही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जिला सांगायला हवं तिच्यासमोर बसून सांगायची धमक माझ्यात नाही, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

मी मूळची साताऱ्याची. सांगलीत होस्टेलवर राहून शिकले आणि आता त्याच कॉलेजात मराठी शिकवते. गॅदरिंगची जबाबदारी माझ्याकडे असते. जानेवारी आला की शिपाई फिशपॉन्डची पेटी पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवतो, आणि दरवर्षी मी ती टेबलाच्या पार कडेला सरकवते. त्याला वाटतं, मॅडमना कामाचं टेन्शन आहे.

फिशपॉन्ड म्हणजे काय ते कॉलेज केलेल्यांना सांगायला नको. कुणावर तरी निनावी दोन ओळी लिहायच्या, पेटीत टाकायच्या, आणि गॅदरिंगच्या पहिल्या दिवशी त्या स्टेजवरून सगळ्यांसमोर वाचल्या जातात. ज्याच्यावर लिहिलंय त्याने हसत उभं राहायचं. राग धरायचा नाही. कुणी लिहिलं ते विचारायचं नाही — किती सोयीचा नियम आहे, नाही?

सुवर्णा माझ्या खोलीत आली ती आम्ही शेवटच्या वर्षाला असताना, जुलैत. पलूसच्या पुढे तिचं गाव. वळकटी खाली टाकून तिने पहिला प्रश्न विचारला, हितं पानी कवा येतं गं? मला हसू फुटलं. पुढे तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवणं हा माझा खेळच झाला — इतर मुलींसमोर, तिच्या देखत. तीही हसायची. मला वाटायचं, तिला आवडतं. खरंच वाटायचं का? नाही. मला ठाऊक होतं.

आणि तरी आम्ही मैत्रिणी होतो, हेही खरं. ट्रॅडिशनल डेला तिने मला नऊवारी नेसवली. मी तापाने फणफणले तेव्हा चार दिवस मेसमधून माझ्यासाठी भात आणला. डिसेंबरात गावच्या यात्रेला मला घेऊन गेली. त्या शनिवारी पलूसच्या गाडीला ही गर्दी. तिच्या गावचा प्रमोद आमच्याच कॉलेजात होता. त्याने खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. एकीवर सुवर्णा बसली, दुसरीवर मी. प्रमोद शेवटपर्यंत दारात लोंबकळत आला. गावातली कुणीही मुलगी असली की तो असंच करायचा. हे मी ऐकलेलं नाही, स्वतः पाहिलेलं आहे. हे लक्षात ठेवा.

यात्रेहून परतलो आणि जानेवारीअखेरच्या स्पर्धेतल्या एकांकिकेसाठी निवड झाली. भूमिका होती ऊसतोड करणाऱ्या बाईची. आधीची दोन वर्षं मुख्य भूमिका माझीच असायची. सुवर्णा नुसती मला सोबत म्हणून आली होती. एकांकिका बसवणाऱ्या सरांनी सहज तिच्या हातात कागद दिला. तिने चार वाक्यं वाचली आणि हॉल गप्प झाला. सरांनी माझं वाचन ऐकूनही न घेता भूमिका तिला दिली. मी टाळ्या वाजवल्या — सगळ्यात जास्त मीच वाजवल्या असतील. आतून मी जळत होते. याला दुसरा शब्द नाही, आणि मला शोधायचाही नाही.

फिशपॉन्ड निवडणाऱ्या मुलांत मी होते. सर प्रत्येक चिठ्ठी वाचायचे, वावगं काही असलं तर लाल पेनाने काट मारायचे. पास झालेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडे असायचा. त्यात मी एक चिठ्ठी सरकवली. अक्षर कळू नये म्हणून डाव्या हाताने लिहिली होती. दर शनिवारी पलूसच्या गाडीत प्रमोदच्या एका रुमालाने दोन जागा धरल्या जातात, दुसरीवर कोण बसतं ते आमच्या सुवर्णाला विचारा. बस्स, एवढंच. किती साधं वाटतं ना?

हॉल हसून लोटपोट झाला. सुवर्णा नियमाप्रमाणे उभी राहिली, हसली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. सगळं सोडून माझ्याकडेच. मागच्या रांगेत तिचा चुलतभाऊ बसला होता, फर्स्ट इयरचा. तो कुठे बसतो, काय काय घरी सांगतो, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण मी जे लपवलं ते हे नव्हे. म्हणजे — हेही लपवलंच. पण चिठ्ठी लिहिणारी पोर एकवीस वर्षांची होती, मत्सराने आंधळी झाली होती, असं म्हणून मी कधीतरी झोपू शकले असते. त्यानंतरचं काय?

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. फौजेतून रिटायर झालेले. होस्टेलच्या भेटायच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. रागावलेले नव्हते, हे मला आजही बोचतं. थकलेले दिसत होते. सुवर्णाला त्यांनी वर पाठवलं आणि मला बोलावून घेतलं.

"बाळ, तू तिच्या खोलीत ऱ्हातीस. भावकीत लय बोलत्यात. तू न्हाई म्हन, मी असाच माघारी जातो. ह्यात काय खरं हाय का?"

काय सांगायचं होतं मला? काका, त्या दुसऱ्या जागेवर मी बसले होते. एवढंच. तो माणूस उठून गेला असता.

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही, काका." आणि मान खाली घातली. मान खाली घातल्याचा अर्थ ते काय लावतील हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच घातली. स्पर्धेला नऊ दिवस होते.

तिची वळकटी मीच बांधून दिली. ती परीक्षेला बसलीच नाही, मे महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. प्रमोदशी नव्हे, तासगावच्या एका घरात. एकांकिकेत तिची भूमिका मी केली. तिचंच हाय, न्हाई, कवा, तवा — ज्याची मी सहा महिने टिंगल केली ते सगळं — अगदी तिच्या हेलात बोलले आणि अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलं. बक्षिसाची ती ढाल आजही कॉलेजच्या कपाटात आहे, माझ्या खुर्चीसमोर, काचेमागे. शिपाई पेटी पुसतो तेव्हा तीही पुसतो.

यंदा जूनमध्ये सुवर्णा आली. बरोबर मुलगी आणि घरचा बेदाणा, चांगला दोन-तीन किलो. म्हणाली, मला जे जमलं न्हाई ते हिनं करावं, तुज्या भरवशावर ठिवते. मुलगी गोड आहे. आईसारखंच बोलते आणि लाजत नाही.

जानेवारीत सुवर्णा मुद्दाम गॅदरिंगला आली. मी तिला माझ्या शेजारी बसवलं. तिच्या मुलीवरही एक फिशपॉन्ड होता, पहिल्या तासाला उशिरा येण्यावरून. मी तो तीनदा वाचून पास केला होता. मुलगी खळखळून हसत उभी राहिली. सुवर्णाही हसली. मग तिने माझा हात हातात घेतला आणि स्टेजकडे बघतच विचारलं, "माजा कुनी लिवला हुता गं? तुला कदी कळलं का?"

तेवीस वर्षांनी तिने नियम मोडून विचारलं होतं, आणि तेही मलाच.

"नाही गं," मी म्हणाले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तवा तू एकटीच माज्या बाजूनं हुतीस."

कार्यक्रम संपेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.