एस.टी.ने येणारी शेवग्याची भाजी

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एवढ्यावरून लिहायला बसलो, याची आधी क्षमा मागतो.

दुष्काळात मी नगरला शिकत होतो. पारनेरकडच्या आमच्या गावाहून आई रोज एस.टी.ने माझा डबा पाठवी. पालेभाजीने डोळे चांगले राहतात, असे वर्गात ऐकले. आमच्या मोरीच्या सांडपाण्यावर शेवग्याचे एक झाड तगून होते. मी पत्र लिहिले, ‘भाजी विकत घेऊ नका, शेवग्याचा पाला रोज शिजवून खा.’ धाकट्या बहिणीने ते आईला वाचून दाखवले. पुढच्या आठवड्यापासून डब्यात भाकरीबरोबर तीच भाजी येऊ लागली. घरी सगळेच खात असतील, असे मी धरून चाललो.

स्टँडवर डबा उघडला की कंडक्टर म्हणे, “आज बी पालाच? आईनं शेळी पाळलीया जनू.”

उन्हाळ्यात एकदा शेजारचे काका डबा घेऊन उतरले. मी बहिणीची चौकशी केली.

“तिला दिवे लागल्यावर दिसंना झालंय. चाचपडत चालती.”

मी त्यांच्या हातातून डबा घेतला. डबा अजून कोमट होता.

“आन् पालाभाजी?” मी विचारले.

“झाडाला पाला असा किती? तुजी आई म्हनती, शिकनाऱ्याचं डोळं आदी. सगळा तुलाच धाडती.”