शेवटची अकरा पानं

भूत, आत्मा, बाहेरचं... असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी भीक घातली नाही. तीस वर्षं कारखान्यात सुपरवायझर होतो. मशीन बंद पडलं की आधी वायर बघायची, एवढंच मला ठाऊक. त्यामुळे हे लिहायलाच इतके दिवस लागले.

आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो, नवघर रोडला, तिसऱ्या मजल्यावर. माझी बायको सुनंदा घरी मराठी टायपिंगची कामं घ्यायची. ती टाइपरायटरवर शिकलेली, म्हणून कॉम्प्युटरवरही तीच जुनी पद्धत. कीबोर्डवर सगळी अक्षरं इंग्रजी, ती एक दाबायची आणि स्क्रीनवर भलतंच मराठी अक्षर यायचं. "तुला कळतं कसं गं?" विचारलं की म्हणायची, "मला कुठे कळतं? बोटांना कळतं." मी मात्र फोनवर बोलून मेसेज पाठवणारा माणूस. टायपिंग कधी शिकलोच नाही.

होळीनंतर ती अचानक गेली. हार्ट. मी रडलो नाही. आत काही हललंच नाही... तिच्या गोळ्या, साड्या, चष्मे, सगळं भराभर आवरत सुटलो.

महिन्याभराने गोडदेवचे दामूकाका आले. पूर्वी त्यांची मिठागरं होती. त्या आठवणींची त्यांची वही सुनंदा टाइप करत होती. अकरा पानं राहिली होती.

"घाई न्हाय रं," काका म्हणाले, "पन डोलं चाललं माजं. दिसतंय तवर एकदा हातात घेतो."

फाइल दुसऱ्या कोणाला तरी द्यावी, असं ठरवून दुपारी तीनच्या सुमारास मी कॉम्प्युटर लावला. वही तिथेच होती. शेवटचं वाक्य अर्धवट होतं. ती कुठे थांबली ते बघताना मी हात कीबोर्डवर ठेवले — आणि ते वाक्य पूर्ण झालं.

मग पुढचं. माझी नजर वहीवर, दहाही बोटं चालतायत, स्क्रीनवर स्वच्छ मराठी. पान संपलं की उजवा तळवा मी मांडीवर पुसत होतो. तशी ती पुसायची... भीती? नाही वाटली. काहीच वाटलं नाही.

मुलगी चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. "बाबा, तुम्ही कधी शिकलात हे?"

"नाही शिकलो."

"मग?"

"चहा ठेव तिथे."

सहाच्या आत अकरा पानं झाली. एकही चूक नव्हती. सुटलो एकदाचा, म्हणून कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सहज बसलो, तिचं नाव टाइप करायला. नुसता कचरा उमटला. तासभर प्रयत्न केला. बोटं माझीच होती, मठ्ठ.

काका प्रिंट न्यायला आले. कागद डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघत बसले. मी विचारलं, "काका, अजून एखादी वही असेल ना?"

"न्हाय रं. व्हता तवरा लिवला. आता काय ऱ्हायला न्हाय."

तेव्हा मी रडलो. त्यांच्यासमोर, लहान पोरासारखा.

मुलगी म्हणते, इतकी वर्षं आईला बघून डोक्यात बसलं असेल. असेलही. मग एका रात्रीत गेलं कुठे? मला एवढंच कळतं की मी घाई केली... रोज एकच पान केलं असतं, तर ती अजून दहा दिवस राहिली असती.