चुन्याच्या डोंगरावरचा मुका नवस

आमच्या गावामागच्या डोंगराला सगळे चुन्याचा डोंगर म्हणत. बऱ्हाणपुरातल्या कितीतरी घरांच्या भिंतींना त्याचाच चुना लागला आहे. वर जायला दोन वाटा. एक गाढवांची, वळणावळणाची. दुसरी नवस फेडणाऱ्यांची, सरळ चढाची. माथ्यावर देवीचं ठाणं आहे. तिचा नवस फेडायला निघालेला माणूस पायथ्याशी तोंड मिटतो, ते पुन्हा पायथ्याला येईपर्यंत उघडत नाही.

इंग्रजी अमदानीत मी बी.ए. झालो. घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांनी माझ्यासाठी हाच नवस बोलला होता. नागपूरहून निकालाचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच निघाले. दुपार कलली तरी परतले नाहीत. त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं, आणि सरळ वाटेच्या कडेला दगड काढलेले खोल खड्डे होते.

मी धावतच चढलो. "बाबा! ओ बाबा!" हाका मारून घसा बसला. उत्तर नाही. दूर फक्त दगड फोडण्याची ठकठक. प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत होतो. ही पदवी देवीने परत घ्यावी, असंही मनात आलं.

चुन्याच्या भट्टीसाठी सरपण नेणारी एक बाई भेटली.

"मावशी, तिकडे दगड फोडणाऱ्यांनी कोणी म्हातारा पाहिला असेल का?"

"कोन फोडनार, भाऊ? आज तर बाजार. सगळे खाली गेले."

"मग ही ठकठक?"

तिने कान दिला. "मी बी तेच म्हनते, बाजाराच्या दिवशी कोन इतका कामाचा!"

आम्ही आवाजाकडे धावलो. एका खड्ड्यात बाबा बसले होते. घोटा सुजलेला, कपाळाला देवीचा शेंदूर, अंगभर पांढरी धूळ, हातात दगड. मला पाहून हसले आणि पुन्हा दोनदा ठोकलं.

"डोकरा भलता पक्का," बाई म्हणाली. "मेला असता, पन बोलला नसता!"

मला रडू येत होतं आणि रागही. "एक ओ दिली असती तर देवी काय खाणार होती तुम्हाला?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग माझ्या गळ्यात हात टाकले. त्यांना पाठुंगळी घेऊन मी गाढवांच्या वाटेने उतरलो. त्यांचा गरम श्वास मानेला लागत होता, तेवढं मला पुष्कळ होतं.

पायथ्याला पोचताच पाठीवरून आवाज आला, "जरा खाली बघून चाल रे. बी.ए. झालास, पण पाय अजून तसेच टाकतोस."

मी पाय जपून टाकू लागलो.