हवालदारांचं नवरात्र

सत्तेचाळीस साली घट बसले तेव्हा माझी ड्यूटी औषधाच्या पेटीवर होती. आमचा कॅम्प निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापूरच्या बाजूला एका माळावर. हद्द ओलांडून रझाकारांच्या चौक्यांवर जायचं आणि परत यायचं, हे काम. मी अठराची, अणदूरची. रायफल भरायला शिकले, सेंट्रीही केली. पण पेटी हातात आल्यावर पोरं डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायची आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

सकाळी सहाला फॉल-इन, साडेसहाला परेड. परेड घ्यायचे हवालदार मारुतीराव, तुळजापूरकडचे. इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशाची लढाई करून आलेले. तिथल्या जखमेचा गुडघा परेडनंतर सुजायचा, मग मी अ‍ॅस्पिरिनच्या दोन गोळ्या द्यायची. पोटात अन्न असल्याशिवाय ही गोळी द्यायची न्हाय, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी पेटी देतानाच बजावलं होतं.

हवालदारांनी नऊ दिवसांचा उपास धरला. दिवसभर पाणी, सांजच्याला कपभर दूध. पहिल्या दिवशी मी गोळ्या हातात घेऊन घुटमळले.

"पोरी, गोळीनं उपास मोडतो का गं?"

"न्हाय. औषध हाय ते."

विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं बघा. एवढ्या मोठ्या माणसाला आधी खा म्हणायचं कसं, असं वाटलं.

सहाव्या दिवशी पोटात आग होते म्हणाले. दुखण्यावरची गोळी पोटालाही लागू पडंल म्हणून मी एक वाढवून दिली. सातव्या दिवशी लाजत सांगितलं, परसाकडं डांबरागत काळं होतंय. उपासाची उष्णता असंल, असं मीच म्हणाले आणि रोजच्या दोन दिल्या.

आठव्या दिवशी फॉल-इनला त्यांनी 'सावधान' म्हटलं. पुढची ऑर्डर आली नाही. खाली बसले आणि रक्त ओकले. कमांडरनी बैलगाडी जोडायला लावली, मला बरोबर धाडलं. गाडीत त्यांनी एवढंच विचारलं, "परेड कुणी घेतली का?"

"घेतली," मी म्हणाले. घेतली नव्हती.

साडेनऊच्या सुमारास वाटेतच गेले. सोलापुरात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रिकाम्या पोटी दिल्या का. मी व्हय म्हणाले.

हवालदारांच्या बायकोला, पारूकाकूला, मी निरोप सांगितला. ती घटाकडं बघत म्हणाली, "चौथी माळ म्या उशिरा चढवली. देवीनं त्याचंच काढलं."

मी तिचा हात धरला, पण गोळ्यांचं सांगितलं नाही. त्यानंतर मरेपर्यंत तिनं नवरात्रात दिवसभर निर्जळी उपास धरला. दर दसऱ्याला मी जायची, तिच्या हातचं जेवायची, सांगायचं ठरवून गेलेली तशीच परत यायची.

आमच्या कॅम्पातले पाच जण गेले. चौघं चौक्यांवर पडले, त्यांची नावं त्यांच्या त्यांच्या गावात दगडावर आहेत. पाचवे हवालदार मारुतीराव. त्यांचं नाव कुठंच न्हाय, म्हणून इथं लिहिलं.

आणि काकू, ते माळेमुळं न्हाय झालं, माझ्या गोळ्यांमुळं झालं.