इफ्ताहाची मुलगी गात होती तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी का बोलतोय — कोण जाणे.

हुबळीत आमचा गायकवृंद आहे. बायबलमधल्या कथांवर युरोपात तीनएकशे वर्षांपूर्वी रचलेली संगीतकथनं आम्ही चर्चमध्ये सादर करतो. निवेदन कन्नडमध्ये, गाणी लॅटिनमध्ये. बसवतो मी. तापट माणूस आहे, चूक खपवून घेत नाही — स्वतःची सोडून म्हणा. माझा एक नियम असे : मध्यंतरात गायकांनी मौन धरायचं, फोन बंद, कुणाला भेटायचं नाही. खोलीच्या दारात मी स्वतः उभा राहायचो.

त्या वर्षी इफ्ताहाची कथा होती. लढाई जिंकलो तर घरातून जे पहिलं सामोरं येईल त्याचा बळी देईन, असा नवस बोललेला बाप. आणि नाचत सामोरी आलेली त्याची एकुलती एक लेक. लेकीचा विलाप दुसऱ्या भागात, आणि तो गाणार होती रायापूरची रूथ. तिचे वडील, अप्पा, दवाखान्यात होते. सकाळी त्यांना जरा बरं वाटलं, म्हणून ती आली होती.

मध्यंतरात तिचा थोरला भाऊ दानी धापा टाकत दाराशी आला. "मास्तर, अप्पा तिचं नाव घेतायत. लगेच पाठवा."

मी म्हटलं, तू हो पुढं, मी तिला गाडीनं पाठवतो. तो गेला. मी दार लावून घेतलं.

आणि रूथ गायली — काय गायली हो! लोक रडत होते. मी? मला आनंद होत होता. लाज वाटते, पण आनंदच. ती गात होती तेव्हाच अप्पा गेले.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला सांगितलं, तुझा दानीअण्णा आत्ताच निरोप देऊन गेला.

दानी तेव्हा प्यायचा. मध्यंतरातच आलो होतो, हे तो घसा फोडून सांगत राहिला; घरात कोण ऐकणार? शेवटी रूथनं त्याच्यासमोर मलाच विचारलं, अण्णा कधी आला होता? मी म्हणालो, शेवटी. ऊठसूट भांडणारा तो माणूस माझ्याकडे नुसता बघत राहिला. रूथ त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. लग्नालाही बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात उणकलच्या तळ्याजवळ दानी भेटला. दारू सोडून वर्षं झाली म्हणाला. केस पिकलेत. इकडचं तिकडचं बोलला, मग खाली बघत हळूच म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी खरंच उशिरा आलो होतो का हो? आता माझं मलाच कळेनासं झालंय."

मी हो म्हणालो.